पायापासून वर

१

आमचा मुकेश मेलेल्या माणसांना कोट घालायचा. विनोद नाही करत, कामच होतं ते त्याचं. उल्हासनगरला गुरुदत्तशेठच्या फोटो स्टुडिओत तो कॉम्प्युटरवर बसायचा. कुणाचे वडील गेले, कुणाची आजी गेली, की लोक घरातला एखादा ग्रुप फोटो घेऊन यायचे. लग्नातला, बारशातला, सापडेल तो. त्यातून तेवढा गेलेला माणूस कापून काढायचा, मागे निळा पडदा टाकायचा, पुरुष असेल तर कोट-टाय चढवायचा, बाई असेल तर डोक्यावरून पदर, आणि फ्रेमला द्यायचा. विठ्ठलवाडीपासून बदलापूर गावापर्यंत कितीतरी भिंतींवर त्यानं नटवलेली माणसं टांगलेली आहेत. अख्खा जन्म लुंगीवर काढलेले म्हातारे टाय लावून खाली बघतात.

आणि तो स्वतः गेला तेव्हा त्याचा एक धड फोटो घरात नव्हता. काविळीनं गेला. दवाखान्यात नेला तेव्हा हसत होता, आणला तेव्हा चादरीत होता. ज्याला त्याला याचीच चौकशी. मी तेच तेच सांगून सांगून शेवटी बातम्या वाचल्यासारखं सांगायला लागले.

मी अस्मिता, त्याची मोठी बहीण. अंबरनाथला एका शाळेत क्लार्क आहे. लग्न झालं होतं, टिकलं नाही, परत आईकडे आले. वडील आम्ही लहान असतानाच गेले. विठ्ठलवाडीच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं होतो, आता आई आणि मी. आईला काही झालं तर मला कुणी नाही, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. पण रडू काही येत नव्हतं. बायका येऊन गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघायचे की दूध उतू तर जात नाही ना. मांडी घालून बसलं की पाय झोपतो, तशी मी आतून झोपले होते.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे दिवसकार्याला, पुढे ठेवायला फोटो पाहिजे होता. आई म्हणाली, "त्याच्या डबीत असेल बघ."

२

डबी म्हणजे त्याची हार्ड डिस्क. लॅपटॉपमधली छोटी, तळहाताएवढी डिस्क, बाहेरून एक पत्र्याचं केसिंग. स्टुडिओतलं काम तो त्यात भरून घरी आणायचा आणि जेवून परत कॉम्प्युटरवर बसायचा. मी ती लावली तर नुसतं टक्, टक्. मग तेही बंद. वायर जिथं खुपसायची ते भोक पार सैल झालं होतं. पिशवीत कोंबून कोंबून वाट लावली होती त्यानं.

उल्हासनगरच्या बाजारात हरेशभाईंचं दुकान आहे, तिथं घेऊन गेले. त्यांनी स्क्रू काढले, डिस्क कानाला लावून हलवली, नारळ बघतात तशी.

"डिस्क को कुछ नहीं हुआ, बहन. डिब्बा गया है. नया केसिंग डालो, चल पड़ेगी."

त्यांनी काळं नवं केसिंग दिलं, रेक्झिनचं कव्हर आणि दोन तोंडांची वायर. म्हणाले, "दोनों मुँह लगाना. एक से करंट कम पड़ता है. मैं ही बिठा दूँ?"

मी नको म्हटलं. तिला आणखी कुणी हात लावू नये असं वाटलं. वेडेपणा, दुसरं काय.

घरी येऊन टेबलावर पेपर पसरला. डिस्कच्या पिना बारीक, एक जरी वाकली तर संपलं. श्वास धरून ती खाचेत सरकवली, अंगठ्यानं दाबली, स्क्रू आवळले. वायरची दोन्ही तोंडं कॉम्प्युटरच्या मागे खुपसली. निळा दिवा लागला आणि डिस्क फिरायला लागली. चाळीच्या टोकाला पिठाची गिरणी चालू असावी, तसा आवाज.

आई मोरीत भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "आला का गं?"

"चालू झाली," मी म्हणाले.

आत फोल्डरच फोल्डर. सगळी मेलेली माणसं. कै. मोतीबाई. कै. हरिचंद्र. कालकथित सोमा. आणि खाली एक फोल्डर, नुसतं मुकेश.

उघडलं. मागे निळा पडदा, अंगात कोट, भांग पाडलेला, डोळे सरळ माझ्याकडे. फोटो पूर्ण तयार होता. फक्त प्रिंट काढायची बाकी.

मी बराच वेळ बघत बसले. मग म्हटलं, असेल. नवीन कोट आला की ही पोरं आधी स्वतःवर घालून बघतात. फाईलची तारीख मात्र तो दवाखान्यात होता त्या आठवड्यातली दिसत होती. पण आमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ कधी बरोबर नसतंच. आतला सेल संपलाय, तारीख मनाला येईल ती दाखवतो. त्यावरून मीच मुकेशला किती वेळा झापलं होतं.

३

प्रिंटला गुरुदत्तशेठकडेच गेले. त्यांनी फाईल उघडली आणि चष्मा वर केला.

"तुम्ही दिला होता का करून?" मी विचारलं.

"नाय नाय. हे त्याचंच काम. हे बघ ना, खाली पाय आहेत." त्यांनी फोटो सरकवून दाखवला. छातीच्या खाली, फ्रेममध्ये येणारच नाहीत असे त्याचे पाय स्वच्छ कापलेले होते, पार चपलेच्या अंगठ्यापर्यंत. "फ्रेम छातीपर्यंतची. बाकीची पोरं डोक्यापासून सुरू करतात, खांद्यावर आणून सोडतात. हा गडी पायापासून वर यायचा. अख्खा माणूस कापायचा. किती ओरडलो, टाइम खोटी करतोस म्हणून. तर म्हणायचा, शेठ, चेहरा आधी मोकळा केला की माणूस आपल्याकडे बघत बसतो. पायाखालचं आधी काढायचं. मग त्याला कळत नाही."

शेठ हसले आणि मग त्यांनाच कसंतरी वाटलं. फोटोचे पैसे घेतले नाहीत.

पुण्यानुमोदन नीट झालं. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, हॉलमध्ये सगळे मुकेशच्या फोटोपुढे फूल वाहून गेले. सगळे म्हणाले, फोटो किती जिवंत आलाय. मी हो हो करत वाढत राहिले.

४

त्यानंतर आईला नादच लागला. शाळेतून मी आले, चहा झाला, की प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायची. "लाव गं त्याची डबी." मग मी एकेक फोटो उघडायचे आणि ती म्हणायची, हिला मी ओळखते, ही भाजीवाली, आणि हा कधी गेला?

झालं की डिस्क काढायला जावं, तर कॉम्प्युटर म्हणायचा, आता काढता येणार नाही, ही डिस्क वापरात आहे. सगळ्या खिडक्या बंद केलेल्या. वापरात कुणाच्या? शाळेतल्या कॉम्प्युटरवरही असं होतं, व्हायरस असला की होतं. मी सरळ बटण दाबून बंद करायचे.

अशाच एका संध्याकाळी 'आई' नावाची फाईल दिसली.

सोनिवलीला शिवराममामांच्या मुलीचं लग्न झालं, तिथला ग्रुप फोटो होता. हॉलचा लाल पडदा, पुढे मामी, मधे आई, या बाजूला मी. काढणारा मुकेश, म्हणून तो नाही. आईच्या डाव्या पावलाभोवतीची सतरंजी खोडलेली होती. खोडलं की तिथं करड्या-पांढऱ्या बारीक चौकटी दिसतात, म्हणजे तिथं काहीच नाही. आईचं पाऊल त्या 'काहीच नाही'मध्ये होतं.

मी फाईल बंद करायला गेले. आई मात्र खूश.

"अगंबाई, घेतला होता का करायला! मीच मागं लागले होते. म्हटलं, माझा जिवंतपणीच करून ठेव. मेल्यावर केला तर मला कुठं बघायला मिळणार?"

माझा जीव भांड्यात पडला. आमच्या बाजूच्या म्हाताऱ्या करतात असं. साडी कुठली दिसावी, कुडी कुठली घालावी, ते आधी ठरवून ठेवतात, पोरांवर विश्वास नसतो. तो सुरू करून गेला आणि राहिलं. एवढंच.

५

आई बाजारातून आली तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती. पाऊल रक्तानं भरलं होतं, बाटलीची काच घुसली होती. तिला पत्ताच नाही.

"अगं, चप्पल कुठंय?"

"आहे की," म्हणाली आणि खाली बघितलं.

डॉक्टर म्हणाले साखर असेल, शुगरवाल्यांचे पाय बधिर होतात. तपासली तर साखर काठावर. काठावर तर काठावर, गोळ्या सुरू झाल्या.

पुढच्या वेळी ती फाईल उघडली तेव्हा चौकटी दोन्ही गुडघ्यांपर्यंत होत्या. मी म्हटलं, मागच्या वेळी मी नीट बघितलं नसेल. घाबरलेला माणूस काय नीट बघतो! त्याच्या पुढच्या वेळी कमरेपर्यंत. साडीच्या निऱ्या एकेक करून सुट्या केल्या होत्या, धागा न धागा. इतकं नाजूक काम मी पाहिलं नव्हतं. आई सेफ्टी पिन मांडीला टोचून मला दाखवत होती. "बघ, काही नाही. मजाच आहे."

आम्ही बौद्ध माणसं. भूत, करणी, देवऋषी यातलं घरात काही चालत नाही. लहानपणी मी अंधाराला घाबरले तर वडील मला हात धरून अंधारात न्यायचे आणि म्हणायचे, बघ, खुर्ची आहे. म्हणून मी स्वतःला तेच विचारत राहिले. इथं खुर्ची कोणती? साखर. वय. पोटचा पोरगा गेलाय. आणि मला झोप नाही, म्हणून मला फोटो बदललेले दिसतात. सगळं बसत होतं.

तरी मी डिस्क काढून कपाटात साड्यांखाली ठेवली. आईला सांगितलं बिघडली.

आणि आईचं दुखणं कमरेवर थांबलं. डॉक्टर म्हणाले, बघा, गोळ्यांनी फरक पडला. मी म्हटलं हो. मला ते पटलंही होतं आणि मी कपाटाची किल्ली पर्समध्येही ठेवत होते. दोन्ही.

६

शनिवारी अर्धी शाळा असते. दुपारी घरी आले. जिन्यातच गिरणीचा आवाज आला.

आई कॉम्प्युटरपुढे खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, अंगावर सोनिवलीच्या लग्नातली साडी. पलंगावरून न धरता तिला उतरता येत नव्हतं, आणि कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली, त्याची मागची बाजू भिंतीला. तिथं वाकल्याशिवाय वायर लागत नाही, आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. तरी निळा दिवा लागला होता.

"आई, वायर कुणी लावली?"

"बोलू नको गं," ती हळूच म्हणाली. "त्याचा हात हलेल."

माऊस पॅडवर होता. आईचे दोन्ही हात मांडीवर होते. आणि स्क्रीनवर, आईच्या फोटोत, माऊसचा तो छोटा बाण हळूहळू चालला होता. खांद्यावरून वर, मानेच्या बाजूनं, मंगळसूत्र काढल्यापासून तिथं जो एक काळा दोरा ती घालते, त्याच्या कडेकडेनं. थोडा सरकायचा, थांबायचा, जवळून बघितल्यासारखा, आणि परत सरकायचा. मुकेश असाच काम करायचा, जीभ दातात धरून.

मी टेबलाखाली घुसले आणि वायर हिसडून काढली.

"अगं काय केलंस!" आई म्हणाली. तिचं डोकं एका बाजूला कललं आणि तसंच राहिलं. तिला ते सरळ करता येईना.

७

सरकारी दवाखान्यात सगळं झालं. डोक्याचा फोटो, पाठीतलं पाणी, सुया. मानेखाली तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि रिपोर्ट सगळे चांगले. एक तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, कधीकधी हे मनाचंही असतं. मुलगा गेलाय ना. घरी न्या, बोला त्यांच्याशी."

घरी आणली. बोलले. भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. ती हलकी लागत होती, नको इतकी हलकी.

मला वाटलं, मूळ फोटो आहे ना! डिस्कमधला गेला तर गेला, सोनिवलीच्या लग्नाची कागदावरची प्रिंट कपाटात आहे. मामांनी पाकिटात घालून दिली होती, तेव्हापासून कुणी उघडलीसुद्धा नव्हती. त्यावरून कुणाकडून तरी नवीन करून घेऊ, म्हणजे तरी, म्हणजे काय होईल ते मी ठरवलं नव्हतं. पाकीट काढलं. खिडकीशी नेलं.

मामी होती. मी होते. आमच्या दोघींच्या मधे लाल पडदा सरळ जमिनीपर्यंत आला होता, चुण्यांसकट. आणि त्या पडद्यावर, माझ्या खांद्याच्या उंचीला, आईचा चेहरा हसत होता.

मी ती परत पाकिटात घातली.

"लाव गं ती," आई रोज म्हणायची.

"नाही."

"मला अशी अर्धी ठेवू नको, अस्मिता. दुखत नाही काही. पण मी ना इथं आहे ना तिथं. रात्रंदिवस नुसता चेहरा. पाणी पाजतेस ते कुठं जातं तेसुद्धा कळत नाही मला."

"आणि मी?" एक दिवस मी ओरडलेच. "तुम्ही दोघं तिकडं आणि मी काय करू इथं? भिंतींशी बोलू? तो गेला तेव्हाही कुणी विचारलं नाही मला!"

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात गेलं. ते तिला पुसता येत नव्हतं. मी पुसलं.

"नको लावू मग," ती म्हणाली. "तुझी इच्छा नसेल तर नको."

त्यानंतर तिनं एकदाही मागितलं नाही. सकाळी मी शाळेत जायला निघाले की छताकडे बघायची, परत आले की छताकडेच बघत असायची. भरवलं की तोंड उघडायची. माझ्यासाठी. हे मला बघवेना.

८

रविवारी सकाळी मी तिला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं, आणि डिस्क काढली. कॉम्प्युटर पलंगाजवळ ओढला. तिचं डोकं उशीवर असं ठेवलं की स्क्रीन दिसावा, पण तिनं डोळे मिटून घेतले. "मला नको दाखवू. तू सांग."

दोन्ही तोंडं लावली. गिरणी सुरू झाली. तिचा हात हातात घेऊन बसले. तिला कळत नव्हता, मला कळत होता.

"आला का?"

"आला."

बाण आला होता. मी हात लावायच्या आधीच फाईल उघडली होती, आणि तो थांबला होता तिथून पुढे निघाला.

"कुठवर आला?"

"हनुवटी झाली."

"मग?"

"डाव्या कानाकडे चाललाय."

"कुडी सांभाळ म्हणावं. माझ्या आईची आहे ती."

"सांभाळली. एकही मोती सुटला नाही."

"घाई करू नको म्हणावं त्याला. जेवलाय का, विचार."

मी विचारलं नाही. म्हटलं, "केसांपाशी आलाय. कपाळावर ती तुझी बट येते ना, ती ठेवलीय. एकेक केस काढतोय, आई. बघ तरी."

ती काही बोलली नाही. मी पलंगाकडे वळले नाही. सांगत राहिले. भांग झाला, कपाळ झालं, उजवा कान झाला. मग मागे निळा पडदा आला, एकदम, निळीचं पाणी पसरावं तसा सगळीकडे, आणि पदर कुणीतरी नीट डोक्यावर ओढून दिला. आई किती छान दिसत होती! माझ्या हातातला हात गार झाला होता.

शेजारी ग्रुप फोटो उघडा होता. मामी आणि मी एकमेकींना खेटून उभ्या. मधे जागाच नव्हती.

मग बाण हलला. निळ्यातून बाहेर आला, ग्रुप फोटोत शिरला आणि माझ्या पायांपाशी येऊन थांबला. सोनिवलीला मी नवीन सँडल घातले होते, त्यांच्या पट्ट्याशी. मी जागची हलले नाही. घाबरायला हवं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. मुकेश गेल्यापासून पहिल्यांदा इतकं बरं वाटलं. मी चपला काढून पावलं जुळवून बसले, फोटोला बसतात तशी, आणि डाव्या अंगठ्यात मुंग्या येतात का याची वाट बघू लागले.

बाण तिथं खूप वेळ होता. मग बाजूला झाला. फोटो बंद झाला, दुसराही बंद झाला, आणि डिस्क हळूहळू फिरायची थांबली.

"मुकेश," मी म्हणाले. "अरे, माझाही घे ना."

निळा दिवा विझला होता. मी वायर काढली, परत लावली. फरशी पायाला गार लागत होती. परत काढली, परत लावली.